हिरवी मांजर

अकोल्यात मी ज्याच्याकडे दाढी करतो, तो न्हावी एरवी क्षणभर गप्प बसत नाही. वस्तरा घासायच्या चामड्याच्या पट्ट्याला धारेची हिरवी पेस्ट लावताना मात्र तो मुका होतो. तेव्हा कोणी काही विचारलं, तर नुसता वस्तरा उचलून दाखवतो. धार स्वतःच्या हातावरच्या केसांवर पाहतो. त्यामुळे त्याचा डावा हात गुळगुळीत आणि उजवा अस्वलासारखा.

त्याचं पाहून मीही वस्तरा, पट्टा, पेस्ट मागवली. भाकरीवर लोणी थापावं तशी पट्ट्यावर पेस्ट थापली. ती वस्तऱ्यावरून माझ्या गालावर आली, धार काही आली नाही. जोर दिला तेव्हा हनुवटी कापली. दुसऱ्या दिवशी अमरावतीला लेकीच्या सोयरिकीला जायचं होतं. अर्ध्या दाढीनिशी त्याच्याकडेच गेलो. आता हा साऱ्या अकोल्यात वाजवणार, ही भीती होतीच.

"काय झालं भाऊ?" बाकावरच्या गिऱ्हाइकानं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत न्हावी म्हणाला, "दाढी करून राहिले होते, मांजर आली अंगावर."

माझ्या कानामागची हिरवी पेस्ट त्यानं ओल्या फडक्यानं हळूच पुसली. मग आपल्या पट्ट्यावर चिमूटभर पेस्ट बोटानं पसरू लागला.

"कोन्त्या रंगाची मांजर होती?" बाकावरचा काही सोडेना.

न्हाव्यानं वस्तरा दाखवला. मी सुटलो.

दाढी झकास झाली. अंगावरचं कापड झटकत तो मोठ्यानं म्हणाला, "हिरवी होती. तिले आता पट्ट्यापाशी येऊ देऊ नोका, भाऊ."