माझ्या वाटची माफी

बायको जाऊन चार महिने झाले होते. केडगावजवळ आमचं गुऱ्हाळ हाय. रस आटवायच्या काहिलीपाशी गूळ करणाऱ्या गुळव्याचाच शब्द चालतो, मालकाचा न्हाई. तरी त्या दिवशी मी ओरडलो, "उतरवा काहील!"

गुळव्या म्हणाला, "आबा, पाक कच्चा हाय अजून."

मी ऐकलं न्हाई. गूळ पातळ राहिला, ढेपा बसल्याच न्हाईत. वर सगळ्यांदेखत शिव्या त्यालाच दिल्या. त्यानं वळकटी बांधायला घेतली. तो गेला असता तर गुऱ्हाळ बंदच पडलं असतं.

असं आधीबी व्हायचं. मी माणूस तोडायचो, आन् ही चहा घेऊन त्याच्याकडं जायची, माझ्या वाटची माफी मागायची. मला वाटायचं, माणसं माझ्या धाकानं टिकल्यात.

या खेपेला चहा मीच नेला. गडी बघत होते. म्हणालो, "चूक माझी झाली."

त्यानं घोट घेतला. "गूळ न्हाई व्हय यात? आन् म्हणं गुऱ्हाळाचे मालक!"

गडी हसले. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मालकीणबाईंनी हे ऐकायला पाहिजे होतं, आबा."

वळकटी तशीच टाकून तो काहिलीकडं गेला. मी तिथंच उभा राहिलो. तिला मी असं एकदाबी म्हणालो नव्हतो.