पॅसेजमधली ढोलकी

“आधी ढोलकी आत घ्या, मग सही मागा,” शेवंताबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन टीपॉयवर ठेवून दिलं.

आम्ही धायरीला त्यांच्या मुलीच्या फ्लॅटमध्ये बसलो होतो. आम्ही म्हणजे मी, एका जुन्या रेकॉर्ड कंपनीचा रिटायर्ड रेकॉर्डिंग इंजिनिअर, आणि निनाद, त्या कंपनीच्या संस्थापकांचा नातू. आमची कंपनी भीमगीतं, कव्वाल्या, पोवाडे असं सगळं काढायची. आता तरुण मंडळींना पुन्हा एलपी हव्या झाल्यात, म्हणून निनादने जुनी भीमगीतं नव्याने काढायची ठरवली. त्यात पहिलं गाणं शेवंताबाईंचं. परवानगीच्या कागदावर सही करायला त्यांची अट एकच होती: नवऱ्याची ढोलकी ऐकू आली पाहिजे.

अट रास्त होती. त्यांचे यजमान नामदेवराव त्या गाण्यात ढोलकीवर होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं वाजवणं दुसरीकडे कुठेच रेकॉर्ड झालेलं नाही. आणि जे झालंय, त्यात ते शेजारच्या इमारतीत बसून वाजवत असावेत असं वाटतं.

याला कारण आमचे चीफ इंजिनिअर अण्णा. तेव्हा आमच्याकडे अख्खं गाणं एकाच माइकवर व्हायचं. कुणाचा आवाज कमीजास्त करायला वेगळं बटण नव्हतं, माणूसच पुढेमागे सरकवायचा. ढोलकी गायिकेवर चढते म्हणून अण्णा ढोलकीवाल्याला थेट बाहेर पॅसेजमध्ये बसवायचे आणि दार हवं तेवढंच उघडं राहावं म्हणून फटीत चप्पल अडकवायचे. पातळ स्लिपर लावली की फट लहान, ढोलकी हळू; जाड कोल्हापुरी लावली की जोरात. या शास्त्राचा त्यांना फार अभिमान. “सूर गायकाचा, बॅलन्स माझ्या चपलेचा,” असं ते आल्यागेल्याला सांगत. नामदेवरावांच्या वाट्याला स्लिपर आली होती.

“मी आत आन् हे दाराबाहेर,” शेवंताबाई म्हणाल्या. “लोक विचारायचे, भांडण झालंय का?”

“आजी, आपण करू काहीतरी,” निनाद म्हणाला. निनाद ‘आपण’ म्हणतो तेव्हा काम माझ्याकडे येतं.

कर्वेनगरच्या स्टुडिओत परतल्यावर त्याने मला एक सॉफ्टवेअर दाखवलं. एकत्र रेकॉर्ड झालेल्या गाण्यातून हे गाणाऱ्याचा आवाज एका बाजूला आणि एकेक वाद्य दुसऱ्या बाजूला काढून देतं. झालेल्या खिचडीतून डाळ वेगळी करण्यातलाच प्रकार.

“काका, एआय आहे. दोन मिनिटांचं काम.”

त्या दोन मिनिटांत माझा आठवडा गेला. आधी ढोलकीसोबत पेटीही आली. मग पेटी गेली, पण ढोलकी पाण्याच्या टाकीत पडल्यासारखी वाजू लागली. शेवटी एका दुपारी ती स्वच्छ आली. नामदेवरावांचा हात काय सुरेख होता! एवढा वादक स्लिपरमागे ठेवल्याबद्दल मला अण्णांचा मनापासून राग आला.

तेवढ्यात दोन थापांच्या मधे कुणीतरी पुटपुटलं.

“हळू.”

मी मागे नेऊन आवाज वाढवला.

“शेवंता, हळू. पळू नको.”

गाताना लय वाढत गेली की त्याला आम्ही ‘पळणं’ म्हणतो. नामदेवराव बाहेरून बायकोला सांभाळत होते. तिच्या खड्या आवाजाखाली हे कधीच कुणाला ऐकू गेलं नव्हतं. सॉफ्टवेअरलाही तो ढोलकीचाच भाग वाटला होता.

“नॉइज आहे काका, काढून टाका,” निनाद म्हणाला.

“नॉइज नाही, नवरा आहे. आधी त्यांना ऐकवू.”

पुन्हा धायरी. शेवंताबाईंच्या कानाला हेडफोन लावला. आधी ढोलकी वाढवलेलं पूर्ण गाणं लावलं. त्यांनी मान हलवली, मांडीवर बोटं वाजू लागली. मग नुसती ढोलकी लावली. जरा वेळाने बोटं थांबली. त्यांनी खुणेनेच पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा एकदा. पदराने डोळे पुसले.

“बाहेर बसूनसुद्धा मलाच शिकवत होते बघा,” त्या म्हणाल्या.

निनादही हलला होता, पण धंदा रक्तातच. “आजी, हे असंच ठेवू या रेकॉर्डवर. लोकांना प्रचंड आवडेल!”

“काही नको. ढोलकी ठेवा, बोलणं काढा. मी पळते हे अख्ख्या महाराष्ट्राला कशाला कळायला पाहिजे?” त्यांनी पेन उचललं. “ते बोलणं माझ्यासाठी आहे. मला माझ्या फोनवर द्या.”

एलपी निघाली. शेवंताबाईंच्या नावाखाली पहिल्यांदाच नामदेवरावांचंही नाव छापलं. मी मात्र तेव्हापासून कुठलाही नॉइज काढण्याआधी तो कुणाचा आहे, हे विचारून घेतो.

परवा त्यांच्या मुलीचा फोन आला होता. आई रोज सकाळी फोनवर ती ढोलकी लावते आणि सोबत गाते, म्हणाली.

“कसं गातात?” मी विचारलं.

“छान गाते हो. पण बाबा एवढं सांगतायत, तरी पळतेच.”