आंबलेल्या वाइनचं पिंप

क्र्श्को गावात सावा नदीच्या काठी मारुशाबाईचा गुत्ता होता, आणि गुत्त्यापेक्षा तिची जीभ जास्त चालायची. नव्या ख्रिस्ती पंथाचे मास्तर यरनेय तिथे यायचे ते पिण्यासाठी नव्हे, ऐकण्यासाठी. डोंगरातले, दरीतले, पार खालच्या द्राक्षमळ्यांतले गाडीवान तिथे एकमेकांच्या बोलण्याची टर उडवत. मास्तर त्यांना आपण लिहीत असलेल्या पुस्तकातली वाक्यं वाचून दाखवत. सगळ्यांनी मान डोलावली ते वाक्य राही. ज्यावर भांडण जुंपे ते खोडलं जाई. आपली भाषा सगळ्या खोऱ्यांनी एकाच रीतीने लिहावी, याचं त्यांना वेड होतं. ते मारुशाबाईलाही लागलं. पन्नाशीत ती अक्षरं गिरवायला बसली आणि गिऱ्हाइकांना विसरली.

पुस्तक परदेशात छापून झालं, पण नव्या पंथाचं म्हणून देशात आणायला बंदी. वाइनच्या पिंपात घालून मी आणते, असं बाई म्हणाली आणि निघालीसुद्धा. आनंदाच्या भरात दिवस मात्र पाहिला नाही. परतताना सरहद्दीच्या जकात नाक्यावर पोचली तो संत मार्टिनचा सण. त्या दिवशी नवी वाइन चाखल्याशिवाय पिंप पुढे सोडलं तर संताचा अपमान होतो.

शिपाई आत सणासाठी भाजलेल्या हंसावर तुटून पडले होते. जकातदार ग्रेगोर पेला घेऊन बाहेर आला. पक्का डोंगरी गडी. बाईने पोटदुखीपासून पुतण्याच्या लग्नापर्यंत सगळ्या सबबी सांगून पाहिल्या. त्याने झाकण उचकटलं. आत पुस्तकं. मास्तरांचं सगळं आयुष्य त्या पिंपात होतं.

"वाचा," तो दरडावून म्हणाला.

ती वाचू लागली. आवाज कापत होता, तरी मध्येच तिला हसू फुटलं, इतकं ते कानाला गोड लागत होतं.

"हे तर आमच्या डोंगरातलं बोलणं," ग्रेगोर म्हणाला.

"नाही हो, आमच्या क्र्श्कोचं आहे." गप्प बसायचं सोडून बाई भांडायला लागली.

"माझी आई अशीच बोलायची. मला नका शिकवू."

तेवढ्यात शिपाई पेले घेऊन आले. ग्रेगोरने एक पुस्तक कोटाखाली सारलं आणि झाकण ठोकून बसवलं.

"वाइन आंबलीय हिची. कुणी तोंड लावू नका."

बाईने गाडी हाकली. तो चार पावलं बरोबर चालत आला.

"पुढचं पिंप माझ्याच नाक्यावरून आणा," तो हळूच म्हणाला. "आणि हे वाचायचं कसं, तेवढं मला शिकवा."