बिनमाशाचा रस्सा

आमचे बॉयलरमामा माशाचा रस्सा आधी करायचे आणि मासा धरायला मग बसायचे. दर बुधवारी, आमच्या साप्ताहिक सुट्टीला, दासगावच्या खाडीकाठी तीन दगडांची चूल मांडली जाई. ओलं खोबरं, मिरची, धणे आणि लसणीचं वाटण मामी घरूनच करून देत. आमसुलं पुडीत बांधलेली असत. रस्सा उकळला की टोप निखाऱ्यावर सरकवून मामा गळ पाण्यात सोडत. "माशाला टोप तयार दिसला पायजे. बोलावलेल्या पाव्हन्याला ताटकळत ठेवतात काय?" असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्यासोबत खाडीवर जाऊ लागलो त्यालाही बरीच वर्षं झाली होती, पण त्या टोपात मासा पडलेला मी पाहिला नव्हता. रस्सा मात्र आम्ही दर बुधवारी भाताबरोबर चाटूनपुसून संपवत असू. मी घाटावरचा, जन्माचा शाकाहारी. त्या रश्शाला माझी काहीच हरकत नव्हती.

मामा महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत बॉयलर सांभाळत आणि मी तिथेच प्रयोगशाळेत होतो. राहायलाही एकाच चाळीत, भिंतीला भिंत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं होतं. मामीसुद्धा शेजारणींना सांगताना "आमचे बॉयलर अजून आले नाय" असंच म्हणायच्या. मूळ गाव पोलादपूरच्या डोंगरावरचं कुडपण. पोहायला येत नव्हतं, होडीत बसलं की डोळे फिरत, आणि बोय कुठली नि शिंगाळी कुठली हे त्यांना बाजारात टोपलीवर वाकूनही सांगता येत नसे. असा माणूस खाडीवर जायचाच कशाला, हा प्रश्न मला पहिल्याच बुधवारी पडला होता.

त्याला कारण मामींचे वडील, म्हणजे आबा. आबा दासगावचे, सारा जन्म खाडीत गेलेला. पूर्वी आमच्याकडे बाप लेकीच्या घरी नातवंड झाल्याशिवाय जेवत नसे. आबांनी तो रिवाज पाळला. नातवंड झालं, त्या बारशाला मामींनी हौसेने पान वाढलं, तर आबांनी नवीनच टूम काढली. "डोंगरातला जावय केला मी. त्यानं सोताच्या हातानं खाडीतला मासा धरून दावू दे, मंग त्याच्या घरी जेवतो." सगळे हसले. आबा हसले नाहीत. ते पानावरून उठले आणि घरून आणलेला डबा उघडून ओट्यावर बसले. तेव्हापासून नातीची शाळा झाली, कॉलेज झालं, तिचं लग्न ठरायची वेळ आली, तरी आबा लेकीकडे येताना डबा घेऊन येत. चहा तेवढा पीत. चहा म्हणजे जेवण नव्हे, अशी त्यांनी स्वतःपुरती सवलत काढली होती.

बुधवारी आबा खाडीवर लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन हजर असत. जावयाच्या मागे दहा पावलांवर खुर्ची मांडायची आणि दर घटकेने विचारायचं, "काय जावयबापू, घावला काय?" मामा मान न वळवता म्हणायचे, "नाय, आबा." आबा समाधानाने विडी शिलगावत. गळ ओहोटीला टाकतोय, आमिष उलटं लावलंय, सावली पाण्यात पडतेय, हे सगळं त्यांना दिसत असणार. पण शिकवायचं म्हणून त्यांनी एक अक्षर कधी काढलं नाही. मला तर कधीकधी म्हाताऱ्याचा रागच यायचा.

मामांनी मासेमारी चालवली होती ती बॉयलरच्या शिस्तीत. जवळ एक रजिस्टर असे. त्यात दर अर्ध्या तासाने नोंद: 'साडेदहा. मासा नाय.' 'अकरा. मासा नाय.' चालू बॉयलर सोडून जायचं नसतं, तसा पाण्यातला गळही सोडायचा नसतो, हा त्यांचा नियम. त्यामुळे चुलीकडे जायचं असलं की ते गळाची काठी माझ्या हातात देत आणि मोठ्याने म्हणत, "चार्ज दिला." मी "चार्ज घेतला" म्हणून रजिस्टरात सही करायची, तेव्हाच ते जागचे हलत. एकदा मामी रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "अवो, बाजारातून आना एक आनि सांगा मी धरला म्हनून. माझा बाप जेवंल तरी." मामांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "आनला असता गो. पन नोंद काय करू?"

आणि मग एका पावसाळ्यानंतर आबांचा पाय मोडला. डॉक्टरांनी महिनाभर हलायचं नाही म्हणून सांगितलं, आणि घरात दुसरं कोणी नाही म्हणून त्यांना लेकीकडेच आणावं लागलं. आबा खाटेवर पडून राहिले, पण शब्द सोडला नाही. स्टँडजवळच्या खाणावळीतून त्यांना दोन वेळचा डबा लावला. आत चुलीवर लेक भाकरी थापतेय आणि बाहेर बाप खाणावळीची पाणचट आमटी भुरकतोय! मामी डबा पुढ्यात ठेवून आत जात आणि डोळ्याला पदर लावत. आठ दिवसांत त्या निम्म्या झाल्या. मामा मला म्हणाले, "साहेब, ह्या बुधवारी मासा घावलाच पायजे."

त्या बुधवारी खाडीवर लाल खुर्ची नव्हती. मामांनी रस्सा केला, गळ टाकला, देवाचं नाव घेतलं. बाराच्या सुमाराला मागे लाकूड धुमसायला लागलं तसे ते उठले. "चार्ज दिला." "चार्ज घेतला." मी सही केली, पेन खिशाला लावलं, आणि काठी माझ्या हातातून निघून चालली! मी ओरडलो. मामा पळी घेऊन धावत आले खरे, पण काठीला हात लावेनात. "ओढा साहेब! चार्ज तुमच्याकडं हाय!" म्हणत ते माझ्याभोवती नाचत होते. कशीबशी मी ती काठी चिखलातून मागे खेचली आणि मासा काठावर आला, जिताडा. माझ्या हातभर लांबीचा. आयुष्यात अंडं फोडलं नव्हतं मी, आणि माझ्या पायाशी तो धडपडत होता. मामांनी घड्याळ पाहिलं आणि लिहिलं, 'बारा पाच. मासा हाय. चार्ज साहेब.'

रिक्षात मांडीवर टोप घेऊन मामा आणि पायाशी जिताडा घेऊन मी, असे आम्ही महाडला आलो. वाटेत मी त्यांना सांगितलं, शपथेवर सांगितलं, की मी कुणाला बोलणार नाही. रजिस्टरातलं पान फाडू. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली बघितलं.

जिताडा परातीत ठेवला. आबा खाटेवर कोपरावर उठले. "कोनी धरला?"

मामींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. मामा म्हणाले, "साहेबांनी. चार्ज त्यांच्याकडं होता."

मामींनी परात मागे ओढली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते दारात येऊन परत निघालं होतं. मला मामांचा इतका संताप आला, की तो जिताडा उचलून त्यांच्या डोक्यात घालावा असं वाटलं.

आबांनी मला विचारलं, "तुमी खाता?"

"नाही, मी शाकाहारी आहे."

आबांची नजर टोपावर गेली. "त्यात काय हाय?"

"रस्सा," मामा म्हणाले.

"त्याचा चार्ज कोनाकडं व्हता?"

"माझ्याकडं. त्यात मासा नाय, आबा."

"मी आता मासा मागितलाय काय? वाढ गो पोरी."

मामींनी कशीबशी ताटली पुढे केली. आबांनी रस्सा-भात कालवला, खाल्ला, परत मागून घेतला, बोटं चाटली. मामी समोर बसून रडत होत्या आणि हसत होत्या, आणि मध्येच त्यांना खाणावळीचा डबा बंद करायचं आठवत होतं. आबांनी हात धुतला आणि एकदम त्यांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. बारीक आवाजात ते म्हणाले, "मंग आता बुदवारी तुमी येनार नाय काय, जावयबापू?"

मामा टोप खरवडत होते. मान न वळवता म्हणाले, "नाय कसा? मासा कुठं धरलाय मी अजून?"

आबा त्यानंतर तीन वर्षं होते. पाय बरा झाला, खाडीकाठी लाल खुर्ची पुन्हा आली. मी तिथे बसून 'घावला काय' ऐकत असे, आणि मला म्हाताऱ्याचा राग यायचा बंद झाला होता. आबा गेले तो वारही बुधवारच होता. त्यांच्यामागे मामांनी गळ टाकला नाही. निवृत्त झाले आणि कुडपणला गेले. चाळीतून निघताना काठी मला दिली. "चार्ज दिला," म्हणाले. मी काठी घेतली आणि मान हलवली.

गेल्या वर्षी लावणीच्या दिवसांत कुडपणला गेलो होतो. शेतात गुडघाभर चिखलात मामांचा जावई, मुंबईत बँकेत असतो तो, भाताची रोपं लावत होता. बांधावर लाल खुर्ची, खुर्चीत मामा, मांडीवर छत्री. मी आता घरातल्यासारखाच झाल्यामुळे मला सगळं आधीच कळलं होतं. मामा मुंबईला लेकीकडे जातात ते डबा घेऊन. जावयाने एक ओळ सरळ लावून दाखवली, की मग तिथे जेवणार आहेत.

जावयाने कंबर धरून वर पाहिलं. मामांनी डोळे बारीक करून ओळ न्याहाळली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"वाकडी हाय," ते म्हणाले. "फुडल्या वर्षी परत या."

मला ती अगदी सरळ दिसत होती.