कपाळावरचा पराग

आधी कपाळ, मग हनुवटी, मग मान. कुठल्याही फुलापुढे उभे राहिले की चाचा स्वतःलाच अशी तीन ठिकाणी बोटं लावून दाखवायचे. "पाखरू एकच, बाय, पण त्याच्या अंगावर प्रत्येक फुलाची जागा वेगळी. हे पराग कपाळाला लावतं, ते हनुवटीला, ते तिकडचं मानेला. सरमिसळ नाही, भांडण नाही. खलास!"

दुबईतल्या त्या काचेच्या घुमटाखालच्या बागेत मी तिकिटांच्या काउंटरवर आणि चाचा मुख्य माळी. मी वसईची, ते रत्नागिरीचे. पोटभर मराठी बोलायला दोघांना दुसरं कोणी नव्हतं. आत दक्षिण अमेरिकेतल्या जंगलातली झाडं आणि हमिंगबर्डची एक जोडी. अंगठ्याएवढी पाखरं, पण तुम्हीही चाचांसारखे मान दुखेपर्यंत वर बघत राहिला असता.

झाडं एकामागून एक फुलायची. मला वाटायचं, हा योगायोग. चाचा हसायचे. "शारजाच्या खोलीत आम्ही सहा जण, शेगडी एक. सगळे एकदम घुसलो तर मारामारी. म्हणून बारी लावलीय. या झाडांचं पाखरू म्हणजे आमची शेगडी." बारीमुळे पाखरांचं पोट वर्षभर भरायचं आणि प्रत्येक झाडाला बी धरायचं.

उन्हाळ्यात मात्र सगळी झाडं फुलायची थांबायची. तेव्हा फुलायचं ते कोपऱ्यातलं एक किडकिडीत झुडूप. हिरवट, बारीक फुलं. लोक त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. चाचांचा जीव त्याच्यावरच.

दोन वर्षांनी चाचांना ऐन उन्हाळ्यात रजा मिळाली, मुलीच्या निकाहसाठी. निघताना दोनदा मागे फिरले. "बाय, तेवढ्या कोपऱ्याकडे लक्ष ठेव. बाकीच्यांची बारी येईपर्यंत पाखरं त्याच्यावरच जगतात."

"ठेवते, चाचा. जा तुम्ही निर्धास्त."

आठवड्याने मॅनेजरने विचारलं, "फोटो कॉर्नर किधर बनाएँ?" सुपरवायझरची जागा रिकामी होणार होती आणि मला झटपट उत्तर देणारी म्हणून दिसायचं होतं. "वो कोना, सर. वैसे भी डेड लगता है." चाचा आठवले नाहीत असं नाही. साखरपाण्याच्या दोन बाटल्या टांगल्या की झालं, असं मी मनाला समजावलं. दुपारपर्यंत झुडूप मुळासकट उपटलेलं होतं.

दोन्ही बाटल्या मी एकाच फांदीला टांगल्या होत्या. नर तिथेच ठाण मांडून बसला आणि मादीला जवळ फिरकू देईना. झुडपावर फुलं विखुरलेली असायची, तेव्हा दोघांचं भागायचं. पाचव्या दिवशी मादी पायवाटेवर पडलेली सापडली. नुसत्या साखरपाण्यावर चाचा येईपर्यंत नरही गेला होता.

ते आले, हातात माझ्यासाठी आंबापोळीचा डबा. कोपऱ्यापुढे थांबले.

"कोणी काढायला सांगितलं?"

"ऑफिसने," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, डबा माझ्या हातात दिला आणि झारी उचलली.

ऑफिसने नवी पाखरं आणली नाहीत. फोटो कॉर्नरला प्लास्टिकचा हमिंगबर्ड लावला, त्याच्यापुढे आजही रांग लागते. पुढची झाडं आपापल्या बारीने फुलली, पण बी धरेना. मग चाचांनी एक बारीक ब्रश आणला. बाग उघडण्याआधी या फुलातून त्या फुलात पराग नेऊन लावायचे. "आता पाखरू मीच," म्हणायचे आणि हसायचे. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

वयामुळे व्हिसा वाढला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी ब्रश माझ्या हातात ठेवला. "रोज लाव, बाय." दारापर्यंत गेले आणि थांबले. "आणि ऑफिसला सांग, चाचाने माफ केलं."



दर ईदला फोन व्हायचा. दर वेळी ठरवायचे, आज सांगते. सुपारीची रोपं, नातवाचे दात, सगळं बोलणं व्हायचं आणि तेवढंच राहायचं. पुढच्या ईदला सांगू, इन्शाल्ला.

परवा त्यांच्या मुलीचा फोन आला. चाचा गेले.

सकाळी लवकर मी बागेत आले. ब्रश उचलला आणि बोट आपोआप कपाळाला लागलं.

"चाचा, ऑफिस नव्हतं. मी होते," मोठ्याने म्हटलं.

वर एसी घुमत होता. मी पहिल्या फुलातला पराग ब्रशवर घेतला.