एका घरातून एकच

लातूरच्या एमआयडीसीत झेरॉक्सचा कागद कापून पॅक करायचा एक कारखाना आहे. तिथं मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघी पॅकिंगला होतो. मी आधी लागले होते. ती लग्न होऊन घरात आली आणि थोड्याच दिवसांत म्हणाली, "आक्का, घरात बसून मला करमत न्हाई. मला बी न्या की." मी सुपरवायझरला विचारलं, त्यानं हो म्हटलं. तेव्हापासून आम्ही सकाळी एकाच ऑटोत बसून जायचो आणि संध्याकाळी एकाच ऑटोतून परत यायचो.

काम अवघड नव्हतं, पण अंग मोडणारं होतं. मोठ्या रोलचा कागद कटिंग मशीनवर कापला की गठ्ठे आमच्यापुढे यायचे. आम्ही बायका फरशीवर पोतं अंथरून मांडी घालून बसायचो. कागद पंख्यासारखा फुलवायचा, पाच-पाच पानं बोटावर घेत मोजायचा. पाचशे झाली की एक रीम. ती ठोकून सारखी करायची, वरचा छापील कागद गुंडाळायचा, डिंक लावून कडा चिकटवायच्या आणि खोक्यात भरायची. कागदाची कड बोटाला कापते. तेव्हा कळत नाही. घरी येऊन भाजीत तिखट टाकताना कळतं.

मोजताना बोलायचं नाही असा नियम होता. मला तो कधी जमला नाही. मी सासूबद्दल विचारायची, "मामीनं गोळी घेतली का ग सकाळी?" तर जाऊ मान न उचलता म्हणायची, "तीनशे पंच्याऐंशी." सगळ्या बायका हसायच्या. रीम पुरी झाली की मग ती खरं उत्तर द्यायची. तिचं माहेर नांदेड जिल्ह्यात, किनवटच्या पलीकडं. तिकडची बोली वेगळी. आम्ही "काय करायलीस" म्हणतो, ती "काय करून राहिली" म्हणायची. पहिल्या वर्षी सगळ्यांनी तिच्या बोलण्याची नक्कल केली, पुढं अर्धा हॉल तसाच बोलायला लागला.

नवीन मशीन येणार हे आम्हाला आधीच माहीत होतं. मालकांनी लपवलं नाही. ते हॉलमध्ये येऊन म्हणाले, "हैदराबादचा माल बगा कसा येतो. एक कोपरा वाकडा न्हाई. शाळा, कॉलेज, क्लासवाले, समदे तोच मागायलेत. मी न्हाई बदललो तर कारखानाच ऱ्हाणार न्हाई." माणूस वाईट नव्हता. बोलताना आमच्याकडं न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होता, एवढंच.

मशीन आलं तेव्हा दार पुरलं नाही, म्हणून बाजूची भिंत पाडली. बाहेरगावचे इंजिनिअर लॉजवर राहून ते जोडत होते. एका टोकाला रोल चढवायचा. मशीनच कापणार, मोजणार, गुंडाळणार, चिकटवणार आणि दुसऱ्या टोकाला तयार रीम ढकलणार. चाचणीच्या दिवशी आम्हा सगळ्या बायकांना बघायला बोलावलं. पहिली रीम बाहेर आली तशी इंजिनिअरनं टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. काय करणार?

मग सुपरवायझरनं सांगितलं, पॅकिंगला आता मोजक्याच बायका लागतील. बाकीच्यांचा हिशेब करून देऊ. कुणाला ठेवायचं यावर मालकांनी एक तोड काढली होती: एका घरातून एकच. म्हणजे जास्त घरांत काम राहील. ऐकायला बरोबरच होतं. त्या हॉलमध्ये एका घरातल्या दोघी अशा आम्हीच होतो.

मी म्हटलं, "साहेब, मग तुम्हीच सांगा कोण ते."

"मावशी, तेवढं तुम्ही घरी ठरवा," तो म्हणाला. "मला त्यात पाडू नका."

घरी आम्ही ठरवलंच नाही. स्वयंपाक केला. माझा नवरा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करतो, दीर सेंट्रिंगच्या कामाला जातो. दोघांनी ऐकून घेतलं आणि बायकांचं बायका बघतील असं धरून टीव्हीकडं वळले. सासू म्हणाली, "दोघी बी एकेक दिवस जावा." तिला सांगितलं, तसं चालत नाही. भांडी घासताना मी म्हटलं, "तू जा. तुझा हात चालतो." ती म्हणाली, "तुम्ही जा. तुमचा पयला हक्क." मग आम्ही दोघीही भांडीच घासत राहिलो.

सकाळी उठून बघते तर तिनं भाकरी थापून ठेवल्या होत्या आणि ओट्यावर एकच डबा भरलेला होता. माझा. ती अंगणात सासूची वेणी घालत बसली होती. माझ्याकडं पाहिलं नाही. "ऑटो येईल आक्का," एवढंच बोलली. मी डबा उचलला आणि गेले.

नव्या मशीनचं काम सोपं आहे असं सगळे म्हणतात. रीम पट्ट्यावरून येते, ती उचलून खोक्यात ठेवायची. कागद अडकला की वरचा लाल दिवा लागतो, तेव्हा बटण दाबायचं आणि ऑपरेटरला हाक मारायची. पण बसता येत नाही. बसलं तर हात बटणापर्यंत पोहोचत नाही. आणि मशीन दम खात नाही. आधी मला हात मोकळा करावा वाटला तर मी रीम मांडीवर धरून थोडी थांबायची. आता रीमच थांबत नाही. एक ठेवली की दुसरी आलेलीच असते. पहिल्या आठवड्यात माझे पाय असे सुजले की चपलेचा पट्टा लागेना. आवाज एवढा की शेजारची बाई काय म्हणाली ते ओठांवरून ओळखायचं. थोड्या दिवसांनी आम्ही ओठ हलवणंही सोडलं.

घरी आल्यावर मला बोलावंसं वाटायचं नाही. जाऊ पाणी आणून द्यायची, पुढ्यात बसायची, वाट बघायची. मी पाणी प्यायची आणि आडवी व्हायची. डोळे मिटले तरी रीमा येतच असायच्या. तिला वाटलं असेल, हिला आता आपल्याशी बोलायला नको. मला वाटत होतं, ही मनात राग धरून बसली आहे. एका चुलीवरचं दोघी खात होतो आणि दोघींच्या मनात असं चाललेलं.

दिवाळीला ती माहेरी गेली. भाऊबीज झाली, तरी आली नाही. दिरानं फोन केला, तर म्हणाली, कापूस वेचायचा हंगाम आहे, येईन. महिना होत आला. दीर रागीट आहे. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे तिथंच." तेव्हा सासू माझ्याकडं बघून म्हणाली, "तू जा. त्याला धाडलं तर संसार मोडून येईल."

मी रजा टाकली. पहाटेच्या एसटीनं नांदेड, तिथून रेल्वेनं किनवट, पुढं जीप. तिच्या लग्नानंतर मी तिच्या माहेरी पहिल्यांदाच जात होते. गाडीत खिडकीशी बसून साग दिसायला लागला तेव्हा लक्षात आलं, किती दिवसांनी मी एवढा वेळ बसून आहे. मला झोप लागली. किनवट आलं तेव्हा शेजारच्या बाईनं उठवलं.

तिच्या आईनं चहा दिला आणि म्हणाली, पोरगी शेतात आहे. मी बांधाबांधानं गेले. पाच-सहा बायका ओळीनं कापूस वेचत होत्या, त्यात ती. मला बघून ती उभी राहिली आणि परत वाकली. मी पदर खोचला, तिच्या शेजारची ओळ धरली आणि वेचायला लागले. नुसतं उभं राहून बोलायला मला येत नाही.

बरीच झाडं वेचून झाली. मग तीच म्हणाली, "कशाला आल्या आक्का?"

"तुला न्यायला."

"तिथं येऊन काय करू? तुम्ही सकाळी जाता. संध्याकाळी येता अन् भिंतीकडं तोंड करून झोपता."

"पाय दुखतेत ग."

"पाय दुखून राहिले तर दाबून दिले असते की मी. तोंडाला काय झालं?"

बोंडाचं टोक बोटाला लागलं. मी म्हटलं, "मला वाटलं, काम मला मिळालं म्हणून तू रागावलीस."

ती पहिल्यांदा माझ्याकडं तोंड करून बोलली. "राग असता तर डबा कशाला भरला असता? मला कुठं बी काम भेटते. पोळ्या लाटीन, झाडू मारीन. तुम्हाला आता या वयात, या गुडघ्यांवर, कोण नवीन कामाला घेणार? म्हणून तुमचा भरला."

तिनं ते सरळ सांगितलं, मला दुखवायला नाही. तरी लागलं. आपण म्हातारे होत चाललो आहोत हे माझ्या आधी घरातल्या दुसऱ्या बाईनं मोजून ठेवलं होतं आणि त्याप्रमाणे स्वतःला बाजूला केलं होतं. मी पुढच्या झाडाकडं सरकले. डोळ्यात पाणी आलं, ते मी पुसलं नाही, दोन्ही हातांत कापूस होता.

"तिथं सांगण्यासारखं काही होतच न्हाई," मी म्हटलं. "दिवसभर मशीनच बोलते. कुणी हसत न्हाई. आज काय झालं म्हणून तू विचारशील आणि मी काय सांगू? रीमा आल्या."

"तेच सांगायचं," ती म्हणाली. "म्हणायचं, रीमा आल्या."

त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत वेचलं. मी तिला सगळं सांगितलं. लाल दिवा कसा लागतो, ऑपरेटर पोरगा मशीनला कसा शिव्या घालतो, आमच्यातली निलंग्याची बाई पट्ट्यापुढं उभ्या उभ्या कशी डुलक्या घेते आणि तरी तिचा हात चालूच असतो. ती हे ऐकून हसली. मग मला खरंच सांगायला आणखी काय काय आठवत गेलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी लातूरला परत आलो. घरात आल्यावर दिरानं काही म्हणायच्या आत सासूनं त्याला दळण आणायला पाठवलं.

लातुरात क्लासच्या पोरापोरींसाठी गल्लीगल्लीत मेस आहेत. जावेला आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारामागच्याच एका मेसमध्ये पोळ्या लाटायचं काम मिळालं. मुलींची मेस. तिला ते आवडलं. कुठली मुलगी परभणीची, कोण देगलूरची, कुणाला परीक्षेच्या आधी जेवण जात नाही, हे सगळं ती रात्री मला सांगायची आणि माझे पाय दाबायची. मी नको म्हणायची, मग तिचे हात मी दाबायची. पोळ्या लाटून तिच्या मनगटाला गाठ आली होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मेस बंद झाली. जूनमध्ये उघडली त्या पहिल्याच दिवशी ती घरी आली ती दारातच बसली. चप्पलही काढली नाही. मी विचारलं, "काय झालं?"

"आक्का, तिथं बी आलं."

"काय आलं?"

"मशीन. पोळ्याचं. एकीकडून गोळा टाका, तिकडून भाजून बाहेर." ती माझ्याकडं बघत राहिली. मीही बघत राहिले. मग तिला हसू फुटलं आणि मला आवरेना. सासू आतून ओरडली, "काय झालं ग, कोण मेलं?" त्यावर आम्ही आणखी हसलो. पोट दुखेपर्यंत हसलो आणि मग दोघी एकदम गप्प झालो, कारण त्यात हसण्यासारखं फारसं काही नव्हतं.

तिला काढलं नाही. लाटणाऱ्या दोघी गेल्या, हिला मशीनपुढं ठेवलं. बाहेर येणाऱ्या पोळीला तेल लावायचं आणि चळत रचायची. बसता येत नाही, गरम वाफ तोंडावर येते. मुली म्हणतात, पोळ्या कागदासारख्या लागतात. मेसवाला म्हणतो, सवय होईल.

आता आमच्या घरात दोघींचे पाय सुजतात. संध्याकाळी एका मोठ्या टोपात कोमट पाणी करून मीठ टाकतो आणि समोरासमोर बसून दोघी त्यात पाय सोडतो. ती बोलत असते. मी ऐकता ऐकता पेंगते. ती थांबत नाही. मी जागी झाले की गोष्ट बरीच पुढं गेलेली असते, मग ती मागचं परत सांगते. कधी मी सांगते. निलंग्याच्या बाईला लेकानं गावी बोलावून घेतलं, तिच्या जागी कुणाला घेतलं नाही, तिच्या वाट्याची खोकीही आता मीच भरते, हे मी तिला पायात पाय अडकवून बसल्या बसल्याच सांगितलं.

गेल्या आठवड्यात सुपरवायझर म्हणाला, खोकं भरायचं मशीनही मालक बघून आलेत. पुण्याकडं कुठं तरी चालू आहे. ते रीम उचलतं, खोक्यात ठेवतं, वरून टेपही मारतं. म्हणजे माझंच काम. कधी येणार ते त्याला माहीत नव्हतं. मला पूर्वी असं काही कळलं असतं तर मी रात्रभर तळमळले असते. या वेळी मला नुसतं वाटलं, तेही येईल, त्याच्यासाठीही एक भिंत पाडावी लागेल.

घरी येऊन मी जावेला सांगितलं. ती कुकरची शिट्टी मोजत होती. तिनं हातानं मला थांबायची खूण केली, गॅस बंद केला आणि मग वळली.

"केव्हा येऊन राहिलं?"

"ठावं न्हाई."

"मग येऊ द्या," ती म्हणाली. "ताट घ्या आक्का. वरण गरम हाय."