वांग्यांपायी धंदेवाईक

धाड गावच्या बाजारपेठेत वंदनाताईंचं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की त्या लॅपटॉपवर बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहीत बसत. हाती लागेल ते मोहरं तो गिळायचा आणि स्वतःचं काही सोडायचा नाही, म्हणून त्यांनी त्याला सासूचं नाव दिलं: शालूबाई. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “जितते का हारते?”

गेल्या वर्षी ही शालूबाई प्रोग्रामांच्या ऑनलाइन स्पर्धेत हौशी गटात उतरली. संयोजक हॉलंडचा. त्यानं सगळ्यांना विचारलं, प्रोग्रामच्या बदल्यात कोणाकडून काही घेतलंय का? वंदनाताईंनी खरं ते कळवलं. गावातल्या कचरूभाऊंना बुद्धिबळात जावयाला हरवायचं होतं. त्यांना सरावाला एक प्रत दिली, त्यांनी टोपलीभर वांगी दिली. संयोजकाला हसू आलं नसावं. मोबदला घेतला म्हणजे धंदेवाईक, असं म्हणून त्यानं त्यांना वरच्या गटात ढकललं. तिथं कंपन्यांचे प्रोग्राम होते.

“वांग्याचं सांगतलंच काऊन तू?” नवरा गोविंदा म्हणाला.

“विचारलं म्हणून सांगतलं.”

“भरीत तं मीबी खाल्लं. मंग मीबी धंदेवाईक का?”

शालूबाई एक सोडून सगळे डाव हरली. त्या एका डावात समोरच्या परदेशी कंपनीचं नेट गेलं. धाडची लाइन मात्र टिकली, याचाच वंदनाताईंना जास्त अभिमान वाटला.

वंदनाताई धंदेवाईक ठरल्याची बातमी ऐकून कचरूभाऊ दुकानात आले. “धंदा हाय तं माही तक्रार ऐक. जावई परवडला, तुही शालूबाई मले एकबी डाव जितू देत नाही. थोडी बावळट करून दे.”

वंदनाताई चिडल्या. इतकी वर्षं तिला हुशार करण्यात गेली होती. तरी बसल्या. शालूबाईनं उगाच वजीर फुकट दिला की कचरूभाऊ लगेच ओळखायचे, “हे मुद्दाम हारून राह्यली.” माणसासारखी चूक करायला शिकवणं फार कंटाळवाणं निघालं. शेवटी जमलं. कचरूभाऊ जिंकले, आणि दुसऱ्याच दिवशी पडद्यावरचा घोडा नीट दिसत नाही म्हणून परत आले.

यंदा संयोजकानं नियम बदलला. भाजीपाला मोबदल्यात धरायचा नाही, तुम्ही हौशी गटात परत या, असं त्यानं कळवलं. वंदनाताईंनी नको म्हटलं. हौशी माणसाला कंटाळा आला की लॅपटॉप मिटता येतो. त्यांच्या दारात कचरूभाऊ नवी तक्रार घेऊन उभे होते. त्या वरच्याच गटात उतरल्या आणि शेवटून दुसऱ्या आल्या.